उत्पादक कंपनीची ई-मेल व्यवस्था : सॉफ्टवेअरची निवड व पत्त्यांची यादी

कंपनी कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीमुळे किमान दहा उत्पादकांना एकत्र येऊन उत्पादक कंपनी स्थापन करता येऊ लागली. अशा कंपनीचा कारभार वाढू लागला म्हणजे मालाबरोबर कागदही वाढतात. द्राक्षाचेच उदाहरण घ्यावे. युरोपात माल पाठवावयाचा असल्यास बागेची नोंदणी, कीटकनाशकांच्या अंशाचा तपासणी अहवाल, पॅकहाऊसची नोंद आणि खरेदीदाराचा पत्रव्यवहार यांची साखळी अखंड राहावी लागते. अपेडाने २००६ मध्ये ग्रेपनेट ही पद्धत सुरू केली ती याच हेतूने. पुढे २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या अंशामुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडचणीत आली, तेव्हा कोणत्या बागेचा माल कोणत्या अहवालासह गेला हे दाखविता येण्याचे महत्त्व सर्वांनाच पटले. यांपैकी बराचसा पत्रव्यवहार आज ई-मेलने होतो. यास्तव ई-मेलची व्यवस्था ही केवळ कार्यालयीन सोय नसून ती मालाच्या विक्रीचाच एक भाग होय.

एक कडू अनुभव

माझ्या कार्यक्षेत्रातील एका द्राक्ष उत्पादक कंपनीचे ई-मेल खाते तिच्या सचिवांच्या स्वतःच्या मोबाईल क्रमांकावर उघडलेले होते. सभासदांची सहाशेहून अधिक नावे त्यांच्याच फोनमध्ये होती. सचिव दुसरी नोकरी मिळाल्याने गाव सोडून गेले. काही काळाने त्यांचा जुना क्रमांकही बंद झाला. पुढील हंगामात एका खरेदीदाराने आधीच्या मालाविषयी तक्रार करून जुना अहवाल व पत्रे मागितली. पासवर्ड कोणास ठाऊक नव्हता आणि तो बदलण्यासाठी येणारा सांकेतिक अंक बंद पडलेल्या क्रमांकावर जात होता. पत्रे अखेरपर्यंत मिळाली नाहीत. कंपनीस आपली बाजू मांडता न आल्याने रक्कम सोडून द्यावी लागली.

यात सचिवांचा दोष नव्हता. ‘आपल्याच मोबाईलवर खाते उघडा, सोपे पडेल,’ असा सल्ला त्यांना मीच दिला होता. त्या चुकीतून जे शिकावयास मिळाले ते येथे मांडीत आहे.

प्रथम खाते, मग सॉफ्टवेअर

कोणते सॉफ्टवेअर चांगले, हा प्रश्न लोक प्रथम विचारतात. वास्तविक तो दुसरा प्रश्न आहे. खाते कोणाच्या मालकीचे, हा पहिला. खाते कंपनीच्या नावाने असावे. त्यास जोडलेला मोबाईल क्रमांक कंपनीने घेतलेला असावा व पासवर्ड बंद पाकिटात अध्यक्षांकडे ठेवावा. शक्य असल्यास वार्षिक शुल्क भरून कंपनीच्या नावाचे स्वतंत्र डोमेन घ्यावे. असे केल्यास पुढे सेवा बदलली तरी पत्ता बदलत नाही व खरेदीदारांना नवा पत्ता कळविण्याचे काम वाचते.

दोन पद्धती

संदेश हाताळण्याच्या मुख्य पद्धती दोन. पहिलीत ब्राउझर उघडून संदेश वाचले जातात, उदा. जीमेल. दुसरीत संगणकावर स्वतंत्र सॉफ्टवेअर बसवितात, उदा. थंडरबर्ड किंवा आऊटलूक. पहिली शिकण्यास सोपी. दुसरीत संदेशांची प्रत आपल्या संगणकावर ठेवता येत असल्याने इंटरनेट खंडित असतानाही जुनी पत्रे शोधता येतात. ग्रामीण भागात हा लाभ लहान नाही. थंडरबर्ड विनामूल्य आहे. ज्या कार्यालयात मायक्रोसॉफ्टची सशुल्क सॉफ्टवेअरे आधीच आहेत, तेथे आऊटलूक सोयीचे पडते.

स्वतंत्र सॉफ्टवेअर जोडताना ‘पॉप’ की ‘आयमॅप’ असा प्रश्न येतो. पॉपमध्ये संदेश एका संगणकावर उतरवून घेतले जातात व पुष्कळदा मूळ ठिकाणाहून काढले जातात. आयमॅपमध्ये ते मूळ ठिकाणी राहतात व संगणक आणि मोबाईल दोन्हींवर सारखेच दिसतात. दोन-तीन व्यक्ती काम पाहत असल्यास आयमॅपच निवडावे. मात्र आयमॅपमध्ये एका ठिकाणी पुसलेला संदेश सर्वत्र पुसला जातो, म्हणून निराळी प्रत ठेवणे अगत्याचे आहे.

निवडीच्या कसोट्या

१. पत्त्यांची यादी सीएसव्ही अथवा व्हीकार्ड या स्वरूपात आत घेता यावी आणि तितक्याच सहज बाहेर काढता यावी.

२. पत्त्यांचे गट करता यावेत : सभासद, खरेदीदार, प्रयोगशाळा, बँक, वाहतूकदार.

३. येणारे संदेश नियमानुसार आपोआप वेगळे ठेवता यावेत. प्रयोगशाळेचे अहवाल एका कप्प्यात पडले म्हणजे ऐन काढणीत शोधाशोध होत नाही.

४. शेकडो पत्त्यांवर संदेश पाठविण्याची मर्यादा पाहावी. विनामूल्य जीमेल खात्यावरून दिवसाला सुमारे ५०० पत्त्यांपर्यंतच संदेश जातात. मर्यादा ओलांडल्यास पाठविणे काही काळ बंद होते. मोठ्या यादीसाठी सशुल्क सेवा घ्यावी किंवा गटागटाने पाठवावे.

यांपैकी पहिली कसोटी सर्वांत महत्त्वाची. विंडोजबरोबर मिळणारे मेल हे सॉफ्टवेअर ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाले. आज सोयीचे असलेले साधन उद्या राहीलच असे नाही, म्हणून ज्यातून यादी बाहेर काढता येत नाही ते कितीही आकर्षक असले तरी घेऊ नये.

यादी तयार करताना

यादी नीट नसल्यास उत्तम सॉफ्टवेअरही निरुपयोगी ठरते. आपल्याकडे एकाच गावात एकाच नावाचे दोन-तीन सभासद असणे नेहमीचेच आहे. म्हणून प्रत्येकापुढे सभासद क्रमांक लिहावा. स्वतःचे नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव, आडनाव, गाव, मोबाईल व ई-मेल यांसाठी स्वतंत्र रकाने ठेवावेत. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेली यादी नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेल्यास निरर्थक अक्षरे दिसतात. ती प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित करावी आणि सीएसव्ही जतन करताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडावा.

सर्व सभासद ई-मेल वाचतात असे समजू नये. बैठकीची आठवण मोबाईलवर द्यावी. अहवाल, करार व हिशेब मात्र ई-मेलनेच पाठवावेत, म्हणजे त्यांची नोंद राहते.

गोपनीयता

अनेकांना एकच संदेश पाठविताना सर्व पत्ते ‘बीसीसी’ या रकान्यात घालावेत. अन्यथा प्रत्येकाचा पत्ता सर्वांना दिसतो आणि खरेदीदारांची यादी आपण आपल्याच हाताने प्रतिस्पर्ध्यास देऊन बसतो. सभासदांची माहिती ही कंपनीकडे सोपविलेली ठेव आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली केंद्राने कायदा केला आहे. सभासदाच्या संमतीवाचून त्याचा क्रमांक खते-बियाण्यांच्या विक्रेत्यास देऊ नये.

आधी लहान चाचणी

नवे वाण आपण एकदम सर्व क्षेत्रावर लावीत नाही. तोच नियम येथे पाळावा. पंचवीस नावांची यादी करून ती निवडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये आत घ्यावी, एक संदेश पाठवावा व यादी पुन्हा बाहेर काढून मूळ यादीशी ताडून पाहावी. सर्व नावे व मराठी अक्षरे जशीच्या तशी आली तरच पूर्ण यादी न्यावी.

हंगाम संपताच संदेशांची व यादीची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती कार्यालयाबाहेर, विश्वासू संचालकाकडे ठेवावी. खाते वर्षानुवर्षे न उघडता ठेवू नये. दोन वर्षे वापरात नसलेली वैयक्तिक खाती गूगल काढून टाकू शकते.

सारांश, लहान कंपनीने स्वतःच्या नावाचे खाते, आयमॅपने जोडलेले थंडरबर्ड आणि वर्षातून एकदा घेतलेली प्रत एवढ्यावर आरंभ करावा. काम वाढल्यास डोमेन व सशुल्क सेवा घ्यावी. सचिव बदलतील, संगणक बदलतील. कंपनीची पत्रे व सभासदांची नावे मात्र कंपनीकडेच राहिली पाहिजेत. येत्या मासिक बैठकीत संचालकांनी एवढेच विचारावे : सचिव उद्या नसतील, तर आपली पेटी कोण उघडील?