इंटर्नशिपचं झालं का?

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या सगळ्या चुका संपादकांच्या नावावर टाका! पण हा विषय आपण मेसमध्ये मराठीतच बोलतो, म्हणून लिहायचाही मराठीतच.

एप्रिल आला की हॉस्टेलवर एकच प्रश्न फिरतो, "तुझं इंटर्नशिपचं झालं का?" म्हणजे सर्टिफिकेटची सोय झाली का. २०१८ मध्ये एआयसीटीईने मॉडेल अभ्यासक्रमात इंटर्नशिपला क्रेडिट दिले. हेतू चांगला होता, पण आपण त्याचंही सबमिशन करून टाकलं.

मीही तेच केलं. सेकंड इयरनंतर पैसे भरून एके ठिकाणी चार आठवड्यांचं 'ट्रेनिंग' घेतलं. प्रोजेक्टरवर स्लाइड्स, लांबून दाखवलेली मशिन्स आणि शेवटी रंगीत सर्टिफिकेट. रिपोर्ट मागच्या बॅचचा, फक्त नाव माझं. व्हायव्हात सरांनी साधं विचारलं, "तिथला इंजिनिअर दिवसभर काय करतो?" मला सांगता येईना. लाज वाटली, पण त्याहून जास्त भीती वाटली. मी मेकॅनिकलला आहे, दोन वर्षांनी नोकरी करणार, आणि या शाखेतला माणूस सकाळी कामावर जाऊन नक्की काय करतो हेच मला ठाऊक नाही! सगळ्यांना 'डिझाइनमध्ये जाणार' म्हणून सांगत होते, कारण ते ऐकायला बरं वाटतं.

डिसेंबरच्या सुट्टीत मामाच्या ओळखीने कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या फाउंड्रीत पंधरा दिवस गेले. स्टायपेंड नाही, चहा मात्र भरपूर. मालकांनी एकच काम दिलं: रोज किती कास्टिंग रिजेक्ट झाली आणि कशामुळे, ते वहीत लिहायचं. मला वाटलं, कारकुनी दिली. पण आठव्या दिवशी वही चाळताना दिसलं की ब्लोहोलवाले पीस बहुतेक सकाळच्या पहिल्या लॉटमधले. वाळूत पाणी जास्त झालं की वितळलेलं लोखंड ओतल्यावर त्याची वाफ होते, ती बाहेर पडू शकली नाही तर कास्टिंगमध्ये पोकळी राहते. हे पुस्तकात वाचलं होतं, मार्कही मिळवले होते. मोल्डिंगचे मिस्त्री म्हणाले, "पोरी, पुस्तकातलं राहू दे की. वाळू मुठीत दाब आणि मोडून बघ." नीट तुटली, कडा शाबूत राहिल्या तर ठीक. हाताला चिकटली तर पाणी जास्त. सकाळची चिकटत होती. पहिल्या मिक्समध्ये पाणी अंदाजाने पडत होतं, एवढंच.

शोध वगैरे काही नाही, मिस्त्रींना ते आधीच माहीत असणार. पण त्या रात्री मला झोप येईना, इतका आनंद झाला होता. कॅडसमोर तीन तास बसले की मी घड्याळ बघते. इथे दोष कुठून येतो ते शोधताना जेवायची सुट्टी झालेली कळत नव्हती. क्वालिटी, प्रोसेस या बाजूला जाऊन बघायचं, हे मला तिथे समजलं. कुठल्याही ॲप्टिट्यूड टेस्टने सांगितलं नव्हतं.

म्हणून ज्युनिअर्सना माझं सांगणं: सीनिअरला "स्कोप काय आहे?" असं विचारू नका. "काल दिवसभर काय केलंत?" असं विचारा. उत्तर ऐकताना जांभई आली तर पॅकेज कितीही असो, पुन्हा विचार करा. आणि जागा निवडताना कंपनीच्या नावाआधी बघा की रोज तुमच्याशी बोलणारा एक तरी माणूस तिथे आहे का, आणि निदान एखादी वही तरी तुमच्या ताब्यात देणार का.

कारखानाच हवा असंही नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून तिथे आले आणि १९८३ मध्ये तो सुरू केला. गावाला लागणारी उपकरणं तिथे हाताने करून शिकतात, इंजिनिअरिंगची मुलंही प्रोजेक्टला जातात. आणि 'मला नेमकं करायचंय काय' हाच प्रश्न छळत असेल तर गडचिरोलीचं 'निर्माण' बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये तरुणांसाठी सुरू केलेली ही शिबिरं. तिथे डॉक्टरांबरोबर इंजिनिअरही असतात.

फायनल इयरवाल्यांनी अप्रेंटिसशिपला नाक मुरडू नये. 'ते आयटीआयवाल्यांचं' हा गैरसमज. अप्रेंटिस कायदा १९६१ चा, पण १९७३ च्या दुरुस्तीनंतर डिग्री-डिप्लोमावालेही त्यात आले. पास झाल्यावर साधारण वर्षभर ट्रेनिंग, दरमहा स्टायपेंड. किमान स्टायपेंडचा अर्धा भार केंद्र सरकार उचलतं. आपल्या भागाचं काम मुंबईचं बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग बघतं. तिथेच नोकरी लागेल याची हमी नाही, पण ते वर्ष खऱ्या कामाचं असतं.

माझ्यापुरतं म्हणाल तर या उन्हाळ्यासाठी दोन पर्याय आहेत. एक आयटी कंपनी, एसी ऑफिस आणि बाबा खूश. दुसरा तीच फाउंड्री, दोन महिने, वाळूची तपासणी. मालकांना हो कळवलंय. बाबांना अजून सांगितलेलं नाही. हा अंक घरी पोहोचायच्या आत फोन करायला हवा.