बेशुद्ध रुग्णाचे अन्न

सन 1970 च्या मार्च महिन्यात नवी मुंबई वसविणाऱ्या सिडकोची स्थापना झाली आणि 1973 साली ठाण्याच्या खाडीवरील पूल रहदारीस खुला झाला, तेव्हा भातखाचरे व मिठागरे यांच्या या मुलखातून मालमोटारींची रांग सुरू झाली, आणि तिच्यामागोमाग मस्तकावर जबर आघात झालेले रुग्णही येऊ लागले. नवी मुंबई महानगरपालिका 1992 च्या जानेवारीत अस्तित्वात आली, कामोठे व नेरूळ येथे मोठी रुग्णालये उभी राहिली. तत्पूर्वी अशा रुग्णास पूल ओलांडून शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाकडे नेण्यावाचून गत्यंतर नसे.

त्या काळी सर्वांचे लक्ष मेंदूतील रक्ताची गाठ, कवटीतील दाब आणि श्वास यांवर खिळलेले असे, आणि ते यथोचितही होते. अन्नाची तजवीज मात्र सलाईनच्या बाटलीवर सोपविली जाई. पाच टक्के ग्लुकोजच्या एका लिटरमध्ये जेमतेम 170 ते 200 उष्मांक असतात, त्यामुळे दिवसाकाठी तीन लिटर चढविले तरी सुमारे 600 उष्मांकांपलीकडे मजल जात नाही. आणि वरकरणी निश्चेष्ट पडलेला तो देह तर ज्वर व तणावजन्य संप्रेरके यांच्या योगाने नेहमीच्या विश्रांतीतील खर्चाच्या सुमारे 140 टक्के ऊर्जा जाळीत असतो आणि स्वतःचेच स्नायू खात असतो.

या उपासमारीचे गांभीर्य ठळकपणे दाखविणारा अभ्यास 1983 साली पुढे आला. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठातील 38 रुग्णांपैकी ज्या 18 जणांना नाकातील नळीतून अन्न दिले त्यांतील 8 जण 18 दिवसांत दगावले, आणि शिरेतून पूर्ण पोषण मिळालेल्या 20 जणांपैकी त्या मुदतीत एकही दगावला नाही. शिरेचा मार्गच श्रेष्ठ, हा त्यावरून काढलेला निष्कर्ष पुढे टिकला नाही. आघाताने जठर मंदावल्यामुळे नळीवाल्यांच्या पोटात अन्न पुरेसे गेलेच नव्हते, हे खरे मर्म होते. 2016 च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनी पाचव्या, फार तर सातव्या दिवसापर्यंत मूलभूत गरजेइतके उष्मांक पोहोचविण्याची शिफारस केली.

आपल्या वॉर्डांत राइल्स ट्यूबचा, म्हणजे नाकातून जठरात जाणाऱ्या नळीचा, अंमल आहे. दर दोन-तीन तासांनी फीड, त्याआधी सिरिंजने पोटातील शिल्लक पाहणे, आणि स्कॅन वा शस्त्रक्रियेच्या निमित्ताने चुकलेले फीड तसेच राहून जाणे, हा नित्याचा क्रम. परंतु मला अधिक चिंता वाटते ती कळंबोलीच्या किंवा कोपरखैरण्याच्या लहानशा खोलीची, जेथे नळीसह घरी आलेल्या मुलाला त्याची आई डोके उंच करून, मिक्सरमध्ये वाटून, फडक्यातून गाळून अन्न देते. साठ किलोच्या रुग्णास रोज सुमारे 90 ग्रॅम प्रथिने लागतात, आणि डाळीच्या वरच्या पाण्यात ती नगण्य असतात. डिस्चार्ज कागदावर गोळीचे मिलिग्रॅम लिहिले जातात, तसे उष्मांक, प्रथिने, फीडचे प्रमाण व वेळा यांचेही आकडे मराठीत लिहून त्या माउलीच्या हाती दिले पाहिजेत.