हिरवा ठिपका म्हणजे जंगल नव्हे

कोरोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेला ऑक्सिमीटर आठवतो? बोटातून तो दोन प्रकारचा प्रकाश सोडतो, लाल आणि अवरक्त. दोन्हींपैकी कोणता किती शोषला गेला, यावरून रक्तातील ऑक्सिजनचा अंदाज येतो. शेकडो किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह जमिनीवरील हिरवाई जवळपास याच रीतीने मोजतात. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेते आणि अवरक्त प्रकाश परत फेकते. दोन्हींच्या हिशेबातून उणे 1 ते अधिक 1 या पट्टीवरचा वनस्पती निर्देशांक निघतो.

अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची चित्रे 1972 पासूनची आहेत. भारताचा आयआरएस-1ए 17 मार्च 1988 रोजी गेला. युरोपचे सेंटिनेल-2 उपग्रह साधारण दर 5 दिवसांनी तीच जागा पुन्हा टिपतात. त्यांच्या चित्रातला सर्वांत बारीक ठिपका म्हणजे जमिनीवरचा 10 मीटर लांब-रुंद चौकोन. शिंदखेड्याचे माळ, तापीकाठची शेते आणि पलीकडचा सातपुडा, सगळे त्यात येते.

पण ऑक्सिमीटर कुठे फसतो, हे डॉक्टरांना ठाऊक असते. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्या माणसाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड भिनतो. यंत्राला ते रक्त ऑक्सिजनने भरलेलेच वाटते. आकडा उत्तम दिसतो आणि रुग्ण गुदमरत असतो.

आपल्या तालुक्यात विलायती बाभळीचे तसेच आहे. नदी-नाल्यांच्या काठी आणि गायरानात माजलेली ही काटेरी झाडी मे महिन्यातही हिरवी असते. तिच्याखाली गवत धड वाढत नाही. तिचे परागकण अॅलर्जी आणि दमा चाळवणाऱ्या घटकांत मोडतात. उपग्रहाच्या चित्रात मात्र ती ठसठशीत हिरवी दिसते. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येनुसार 1 हेक्टर किंवा अधिक जागेवर झाडांच्या माथ्यांनी 10 टक्के सावली धरली की ते वनाच्छादन. मालकी कोणाची, झाड कोणते, हे त्यात पाहिले जात नाही. बागाही त्यात येतात.

उलट कुसळी, मारवेल, पवन्याचा अस्सल माळ पावसाळ्यानंतर वाळतो आणि उन्हाळ्यात चित्रात उघडा दिसतो. अशा खुरट्या झुडपांच्या, गवताच्या बऱ्याच जमिनी देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात जातात. पडीक म्हटले की चर खणा, झाडे लावा, प्रकल्पाला द्या, असे सगळेच सुचते. पण ठेलारी मेंढपाळांचे कळप त्याच माळावर जगतात. चिंकारा, लांडगा, खोकड, माळटिटवी यांचे घरही तेच. माळ गेला की तक्रार करायला मेंढपाळ येईल, टिटवी येणार नाही.

दुसरी मर्यादा अशी की उपग्रहाला घर दिसते, घरातला माणूस दिसत नाही. वन पिंगळा हे छोटे घुबड 1884 नंतर शास्त्रज्ञांना दिसलेच नव्हते. नोव्हेंबर 1997 मध्ये ते शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा सापडले. तोवर त्या डोंगरांवरून उपग्रह जाऊन 25 वर्षे झाली होती. पिंगळा सापडला तो दुर्बीण घेऊन पायी फिरणाऱ्या तिघा पक्षी-अभ्यासकांना.

म्हणून उपग्रह निरुपयोगी ठरत नाही. फक्त एका तपासणीवर निदान करू नये. रक्तदाबाची एकच नोंद पाहून आपण जन्मभराची गोळी सुरू करत नाही. जमिनीचाही वर्षभराचा आलेख पाहावा. गवताचा माळ भाद्रपदात हिरवा होतो आणि हिवाळ्यात उतरतो. विलायती बाभूळ बारा महिने हिरवी राहते. सातपुड्यातला साग उन्हाळ्यात पाने झाडतो, म्हणूनच वनाच्छादन मोजण्यासाठी ऑक्टोबर ते डिसेंबरची चित्रे घेतात. बागायती शेतही मे महिन्यात हिरवे असते, तेव्हा अखेरचा खुलासा गावातच होतो.

धुळे तालुक्यातील लामकानी गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून डोंगरावरचे गवत परत आणले. त्या कामात धुळ्याचे पॅथॉलॉजिस्ट डॉ. धनंजय नेवाडकर यांचा पुढाकार होता. असे काम टिकले की नाही, हे दरवर्षीच्या चित्रांतून कमी खर्चात तपासता येते.

शाळा, ग्रामपंचायत, जैवविविधता समिती यांनी हे करून पाहावे. इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावर आपले गाव उघडा. चित्रातला प्रत्येक हिरवा आणि प्रत्येक उघडा तुकडा गावातल्या जाणत्या मेंढपाळाला दाखवा आणि तिथे काय आहे ते विचारा. रानाला आग लागल्याचा उपग्रही इशारा वन सर्वेक्षण संस्था नोंदणी केलेल्या कोणाही नागरिकाला मोबाइलवर पाठवते, तीही नोंदणी करून ठेवा. गायरान पडीक ठरवण्याचा ठराव पुढे आला, तर ही माहिती ग्रामसभेत आधी मांडता आली पाहिजे.