आधी काठी, मग सुरी

फिलिपिन्सच्या एस्क्रिमा किंवा आर्निस या युद्धकलेत शिष्याच्या हाती सुरुवातीलाच शस्त्र येतं. रिकाम्या हातांची झुंज नंतर. हा क्रम मला अगदी योग्य वाटतो. सराव वेताच्या काठीने होतो, पण शिकायचे असतात ते वाराचे कोन. वार कोणत्या दिशेने येतोय हे ओळखता आलं, की हातात काठी असो, तलवार असो वा सुरी, हालचालींचं मूळ तेच राहतं. सुरीच्या लढतीत पहिलं लक्ष्य बहुधा शस्त्र धरलेला हातच. तो निकामी झाला की हल्ला थंडावतो. मोकळा हातही स्वस्थ नसतो. तो समोरच्याचं मनगट अडवतो, दाबतो, बाजूला सारतो. ‘एस्पादा इ दागा’ या प्रकारात तर एका हातात तलवार आणि दुसऱ्यात खंजीर असतो.

सेबू हे या कलेचं मोठं केंद्र. तिथे १९३२मध्ये ‘दोसे पारेस’ मंडळ उभं राहिलं. काकोय कान्येते हे त्याचे नामवंत गुरू. वेनान्सियो बाकोन यांनी पुढे एका काठीची ‘बालिंतावाक’ पद्धत घडवली. एंजल काबालेस यांनी १९६६मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टनला एस्क्रिमाची विद्या सर्वांसाठी खुली केली. खुद्द फिलिपिन्सने मात्र आर्निसला राष्ट्रीय खेळाचा दर्जा कायद्याने दिला तो २००९मध्ये. फारच उशिरा!