नगारखान्यात थांबलेलं काम

पडघ्याहून शहापूरकडे निघालं की माहुलीचे सुळके दिसू लागतात. शहाजीराजांनी निजामशाही वाचवण्याची शेवटची धडपड १६३६ मध्ये याच गडावरून केली. ती फसली, निजामशाही बुडाली आणि कल्याण-भिवंडीचा मुलूख आदिलशाहीत गेला. आपल्या भागाचा सारा एकवीस वर्षं ज्या दरबाराच्या नावे गोळा होत होता, तो दरबार बघून या, असं संपादकांनी सुचवलं. विजापूर गाठलं ते त्यासाठी.

तिथे सगळ्यांचे पाय गोलघुमटाकडेच वळतात. वाटेत उभा असलेला नगारखाना लोकांना नुसतं फाटक वाटतो. मी मात्र तिथेच रेंगाळलो. नगारखाना म्हणजे चौघडा वाजवणाऱ्यांची जागा. पण ही वास्तू पुरी झालीच नाही. तिचे मिनार छताच्या वर गेले नाहीत.

कारागिरी कमी पडली म्हणावी, तर मागचा घुमट बघा. बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा हा घुमट चौरस दालनावर बसवलाय आणि आत आधाराला एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी चौरसाचे कोपरे आत ओढत नेतात आणि वर घुमटाला बैठक देतात. घुमट भिंतींना बाहेर रेटतो. कमानींमधून आत झुकलेलं दगडी बांधकाम आपल्या वजनाने तो रेटा पेलतं. चारही कोपऱ्यांना सात मजली अष्टकोनी मनोरे आहेत, त्यांच्या पोटात जिने. एवढं गणित जमवणाऱ्यांना समोरचे मिनार काय जड होते? ज्याची कबर या घुमटाखाली आहे, तो मुहम्मद आदिलशाह नोव्हेंबर १६५६ मध्ये वारला आणि काम थांबलं, हे मला पटतं. वर्षही उलटलं नाही तोच, ऑक्टोबर १६५७ मध्ये, शिवाजीराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकाच सत्तेची ढासळती पकड आहे.

पुढे १८९२ मध्ये या अर्धवट इमारतीत संग्रहालय मांडलं गेलं. १९८२ पासून ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. अरबी, फारसी, कानडी शिलालेख. जैन आणि हिंदू मूर्ती. हत्यारं, चिनी मातीची भांडी, फर्मानं, लघुचित्रं. बादशाही येण्याआधीचं विजापूरही इथे दगडांतून भेटतं, आणि माझ्या मते संग्रहालयाचं खरं मोल त्यात आहे. घुमट एकाच माणसाचं नाव मिरवतो.

काळजी वाटते ती इथल्याच असर महालातून संग्रहालयात आलेल्या गालिच्यांची. दगड चारशे वर्षं ऊन खातो. लोकर आणि रंग खात नाहीत. उजेड पडला तर रंग उडतो, दमट हवेत कसर लागते, आणि झाकून ठेवलं तर बघणार काय? जुन्या वास्तूत संग्रहालय थाटलं की हा पेच सुटत नाही. हवा आणि उजेड बेताचे ठेवायचे तर भिंतींना हात लावावा लागतो, आणि भिंती स्वतःच संरक्षित आहेत. त्यात गर्दी सगळी घुमटाच्या वरच्या सज्जात, आपल्याच आरोळीचा प्रतिध्वनी मोजत उभी. ज्या दालनात माणसं थांबत नाहीत, त्याच्यासाठी पैसा मागायचा कुणी?

पडघ्या-भिवंडीकडून जाणाऱ्यांना एवढंच सांगणं: शुक्रवारी संग्रहालय बंद असतं, तो वार टाळा. आणि आधी नगारखाना बघा, घुमट नंतर.