गाडी घाटात तापते? रेडिएटरसोबत होज पाइपही बदला!

वैशाखाचं ऊन, लग्नाची घाई, गाडीत सात-आठ माणसं आणि समोर पसरणी घाट. पंधरा वर्षं जुनी गाडी नेमकी अशाच वेळी दगा देते. टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्यात जातो, बोनेटमधून वाफ निघते. मग कोणीतरी बाटलीभर पाणी ओतून गाडी पुढे काढतं. दोन-चार वेळा निभावतंही. पण एखाद्या दिवशी हेड गॅस्केट उडतं, हेड वाकतं आणि इंजिन उघडावं लागतं. त्या खर्चापुढे रेडिएटर आणि पाइप स्वस्तच पडतात.

गरम असताना झाकण उघडू नका
आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून १०० अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण ढिलं केलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी तोंडावर उडतं. इंजिन बंद करा आणि वरचा पाइप हाताला थंड लागेपर्यंत थांबा.

पाइप का बदलायचे?
गळक्या रेडिएटरमध्ये पूर्ण दाब तयारच होत नाही. नवीन बसवला की दाब पुन्हा पूर्ण होतो आणि जुना, कमजोर पाइप फुटतो. गाडी थंड असताना पाइप दाबून बघा. तो लिबलिबीत लागला, कडक होऊन करकरला, फुगला असेल किंवा क्लिपजवळ चिरला असेल, तर तो गेलाच समजा. वरचा-खालचा पाइप, क्लिपा आणि झाकण एकदमच बदला. थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपही तपासून घ्या.

काम कसं करायचं?
१. गाडी थंड करा, बॅटरीची मायनस वायर काढा. काही गाड्यांचा पंखा चावी बंद असतानाही फिरतो.
२. जुनं कूलंट टबात काढा. ते गोडसर असतं, पण विषारी आहे. कुत्री किंवा जनावरं चाटतील असं उघड्यावर सोडू नका.
३. पाइप चिकटला असेल तर स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, रेडिएटरची नळी तुटते. पाइप ब्लेडने उभा चिरून काढा. खालच्या पाइपात स्प्रिंग असेल तर नव्यातही हवीच, नाहीतर पंपाच्या ओढीने पाइप चपटा होतो.
४. नळ्यांची तोंडं पॉलिश पेपरने साफ करा. क्लिप आधी पाइपात ओवा, मग पाइप चढवा. क्लिप नळीच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे.

एअर काढणं विसरू नका
नवीन कूलंट हळूहळू भरा. तयार मिळतं ते तसंच वापरा. घट्ट असेल तर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळा. बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार नळ्यांत साचतात. गाडीचं तोंड चढाकडे ठेवा, झाकण उघडंच ठेवून थंड इंजिन चालू करा, हीटर असेल तर फुल गरमवर ठेवा. बुडबुडे येतील तसं कूलंट खाली जाईल, तेवढं भरत राहा. वरचा पाइप गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. बुडबुडे थांबले की झाकण लावा. मात्र त्याआधीच कूलंट उकळून वर येऊ लागलं तर इंजिन बंद करून लांब व्हा. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड गाडीवर, पातळी पुन्हा बघा.

हे जुगाड टाळा
हळद टाकली की गळती थांबते, असं म्हणतात. घाटातून घरी यायला तेवढं ठीक. पण तीच हळद बारीक नळ्यांतही बसते. तांब्या-पितळेच्या रेडिएटरला डाग मारता येतो, प्लॅस्टिक टाकीवाला मात्र फुटला की बदलणंच बरं. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्लाही ऐकू नका. इंजिन नीट तापत नाही, तेल जास्त जातं आणि खरा बिघाड तसाच राहतो.

सगळं नवीन बसवूनही पाणी कमी होत असेल, किंवा इंजिन ऑइल दुधाळ दिसत असेल, तर पाणी आत जातंय. गाडी चालवू नका, आधी मेकॅनिकला दाखवा.