तीनशे पंचाहत्तर रुपयांची दौड

आधीच कबूल करते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं आहे, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तपासताना आमच्या मराठी विभागाच्या संपादकांचं लाल पेन संपलं तर तो दोष माझा! तरी हा लेख मराठीतच लिहायचा होता. कारण ज्यांच्यामुळे तो सुचला, त्या आमच्या मेसच्या मावशी इंग्रजी विभाग उघडतही नाहीत, पण मराठी विभाग मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात.

गोष्ट मागच्या वर्षीची. मावशींची मुलगी अकरावीत होती आणि १५०० मीटर धावायची. तालुक्यात पहिली, जिल्ह्यात दुसरी. बूट मात्र मैत्रिणीचे, तेही एक नंबर मोठे. पुढे कापूस कोंबून घालायची. हे कळल्यावर आम्ही होस्टेलच्या मुलींनी ठरवलं, आपण 'चॅरिटी रन' घ्यायची. पाच किलोमीटर धावा किंवा चाला, आणि जमलेले पैसे तिला द्यायचे. माझं अक्षर बरं आहे म्हणून खजिनदार मला केलं.

दसरा झाला आणि रविवारी पहाटे दौड झाली. एकदम झकास झाली. २२५ जणांनी भाग घेतला. फी १५० रुपये, म्हणजे जमा ३३,७५० रुपये. रात्री मी वही घेऊन खर्च मांडायला बसले. टी-शर्ट ११० रुपये दराने २४,७५०. मेडल २५ रुपये दराने ५,६२५. बॅनर आणि माईक २,०००. केळी-पाणी १,०००. एकूण खर्च ३३,३७५.

शिल्लक ३७५ रुपये.

मी तीन वेळा बेरीज केली. सिव्हिलची विद्यार्थिनी मी, 'एस्टिमेटिंग अँड कॉस्टिंग'मध्ये चांगले मार्क आहेत माझे! पण बेरीज बरोबरच होती. चूक आमची होती, कुणा दुकानदाराची नाही. दुसऱ्या दिवशी ताटात भाजी वाढता वाढता मावशी सहज म्हणाल्या, "पोरीहो, बनेनी तं मस्त हायेत वो. पन माह्या पोरीच्या पायात काय?"

त्या दिवशी जेवण गेलं नाही. मग मी या विषयावर वाचायला लागले, लोकांना विचारायला लागले. जे समजलं ते इथे सांगते. उद्या तुम्हीही अशी दौड घ्याल, तेव्हा तुमची वही ३७५ वर थांबू नये.

ही कल्पना आली कुठून?

दुसऱ्यासाठी चालणं आपल्या वऱ्हाडाला नवीन नाही. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात कावड निघते. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन सुमारे १८ किलोमीटर अनवाणी चालत लोक राजराजेश्वराला येतात. शेगावला पायी जाणाऱ्यांच्या वाटेवर चहा-फराळ देणारी माणसं तर आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. कुणी चालतो आणि बाकीचे त्याच्या चालण्याला हातभार लावतात, हेच चॅरिटी रनचं मूळ सूत्र आहे.

तिकडे परदेशात सगळ्यात गाजलेलं उदाहरण कॅनडाच्या टेरी फॉक्सचं. हाडाच्या कॅन्सरमुळे त्याचा उजवा पाय कापावा लागला होता. १२ एप्रिल १९८० ला त्याने कृत्रिम पायाने कॅनडा आडवा पार करायला सुरुवात केली, कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे उभे करायला. रोज जवळजवळ एका मॅरेथॉनइतकं अंतर. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले आणि कॅन्सर फुप्फुसात पसरल्यामुळे १ सप्टेंबरला त्याला थांबावं लागलं. जून १९८१ मध्ये तो गेला, वय फक्त २२. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याच्या नावाने पहिली दौड झाली. पहिला नंबर नाही, बक्षीस नाही. धावा, चाला, सायकलवर या, आणि जमेल तेवढे द्या.

आपल्याकडे मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. तिथली रचना मला फार शिकवून गेली. प्रवेश फी वेगळी आणि देणगी वेगळी! फी स्पर्धेच्या खर्चासाठी असते. देणगीसाठी धावणारा आपली संस्था निवडतो, आणि 'मी एवढं अंतर धावणार आहे, तुम्ही या संस्थेला मदत करा' असं ओळखीच्यांना सांगतो. कंपन्याही आपले संघ उतरवून पैसे देतात. त्यातून दरवर्षी कोट्यवधी रुपये सामाजिक संस्थांना मिळतात. आम्ही फी आणि देणगी एकाच डब्यात टाकली आणि टी-शर्टांनी डबा रिकामा केला.

गंमत म्हणजे ही देणगीची पद्धत मला लहानपणी माहीत होती! आमच्या कॉन्व्हेंटमध्ये 'वॉकेथॉन' व्हायचा. प्रत्येकीला एक कार्ड मिळायचं. मैदानाच्या दर फेरीला काका दोन रुपये, आजोबा पाच रुपये, असं त्यावर लिहून घ्यायचं आणि मग फेऱ्या मारायच्या. माझ्या अकराव्या फेरीला आजोबांनी हात जोडले होते, "आता बस कर बाई!"

ऑक्टोबरच का?

याची दोन कारणं आहेत. पहिलं आपल्या मातीचं. वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यात बुटाला अशी चिकटते की एकेका पायाला किलोभर वजन होतं. मैदानावर नीट सराव होत नाही. दसऱ्याच्या सुमारास जमीन वाळते, पहाट गार होते. दुपारी ऑक्टोबर हीट असतेच, म्हणून दौड सकाळी साडेसहाच्या आत सुरू करून आठच्या आत संपवायची. मे महिन्यातल्या अकोल्यात तर हा विचारही करू नका.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. शालेय स्पर्धांची शिडी म्हणजे तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. आपला विभाग अमरावती, त्यात अकोला, अमरावती, बुलडाणा, वाशिम, यवतमाळ हे पाच जिल्हे. पावसाळ्यात सुरू झालेल्या स्पर्धा दिवाळीच्या आगेमागे वरच्या पायऱ्यांवर पोचतात. म्हणजे खेळाडूला पैशाची गरज नेमकी याच वेळी असते. आणि याच वेळी सोयाबीन निघतं, कापूस वेचणीला येतो. घरातल्या पोरीने शेतात जायचं की मैदानावर, हा प्रश्न अनेक घरांत याच पंधरवड्यात पडतो. मार्चमध्ये दिलेले बूट सत्काराला चांगले. ऑक्टोबरमध्ये दिलेले बूट धावायला कामी येतात.

पैसे लागतात कशाला?

धावायला काय लागतं, दोन पाय! असं मलाही वाटायचं. जरा हिशोब करू.

धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर जमिनीवर पडतो. मिनिटाला साधारण १६० ते १८० पावलं. म्हणजे अर्ध्या तासात पाच हजार धक्के. हे धक्के बुटाच्या तळाचा फोम झेलतो आणि हळूहळू दबून मरतो. चांगला बूटही साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतो. आठवड्याला ४० किलोमीटर सराव करणाऱ्या मुलीचा बूट ६०० किलोमीटर चालला असं धरा, तर १५ आठवडे, जेमतेम साडेतीन महिने. म्हणजे वर्षाला तीन जोड. वरून तो बूट साबूत दिसतो, पण नडग्या दुखायला लागतात.

स्पर्धेसाठी वेगळे खिळ्यांचे बूट, म्हणजे स्पाइक्स. सिंथेटिक ट्रॅकवर छोटे खिळे लागतात, मातीवर जरा लांब. आणि ते स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नसतात. दोन-तीन आठवडे आधी सवय करावी लागते, नाहीतर पोटऱ्या आखडतात.

मग खाणं. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोह असतं आणि तेच स्नायूंपर्यंत ऑक्सिजन नेतं. लोह कमी म्हणजे दम कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे हा प्रश्न फक्त धावपटूंचा नाही, आपल्या होस्टेलचाही आहे! डाळी, हिरव्या भाज्या, अंडी खा, त्यावर लिंबू पिळा म्हणजे लोह चांगलं शोषलं जातं. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका. (हे वाक्य मी स्वतःसाठी लिहिलं आहे.)

शेवटी प्रवास. विभागाच्या स्पर्धेला जायचं तर भाडं, बाहेरचं जेवण, आणि सोबत येणाऱ्या आईची बुडालेली रोजी. ही शेवटची रक्कम कुठल्याच अंदाजपत्रकात नसते.

'एवढं करून खेड्यातली पोरगी कुठवर जाणार?' असं कुणी म्हणेल. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये ब्राँझ घेऊन आली. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातली ललिता बाबर आधी मुंबई मॅरेथॉनमध्ये गाजली, मग २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३ हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावून दहावी आली. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण घेतलं. यांच्या गावांत सिंथेटिक ट्रॅक नव्हते. प्रत्येक धावणारा तिथवर पोचेल असं नाही. पण साडेतीन महिन्यांनी नवा बूट मिळाला नाही म्हणून कुणी थांबू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

यंदा आम्ही काय बदललं?

१. टी-शर्ट आणि मेडल बंद. छातीवर कागदी नंबर, चार सेफ्टी पिना.

२. आधी खेळाडूला विचारलं, तुला काय हवं? मागच्या वर्षी हे विचारायचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. उलट बॅनरवर 'गरीब खेळाडूला मदत' लिहून तिचा फोटो छापला होता. म्हणूनच ती दौडीला आली नव्हती, हे मला यंदा कळलं. ती एवढंच म्हणाली, "ताई, फोटो नोका लावजा. कॉलेजात समदे चिडवतात. पयाले बोलवा, येतो मी." फोटो लावला नाही. दौडीच्या पुढे वेग ठरवायला तिलाच ठेवलं. पहिल्या किलोमीटरनंतर तिच्या मागे कुणी उरलं नाही, ही गोष्ट वेगळी!

३. परवानगी. आम्ही कॅम्पसच्या आतच धावलो आणि पैसेही कॉलेजातल्या लोकांकडूनच घेतले. रस्त्यावर धावायचं तर पोलिसांची परवानगी हवी. बाहेर वर्गणी मागायची तर आधी धर्मादाय आयुक्त कार्यालयात चौकशी करा. नोंदणी नसलेल्या गणेश मंडळांनाही तिथूनच परवानगी घ्यावी लागते.

४. प्रथमोपचार, पाणी आणि एक गाडी तयार. यात काटकसर करायची नाही.

५. हिशोब मेसच्या फळ्यावर, त्याच रात्री.

तो हिशोब असा. १६० जण, फी १०० रुपये, जमा १६,०००. (टी-शर्ट नाही म्हटल्यावर ६५ जण गळाले, हेही लिहून ठेवते.) केळी-पाणी १,१००, नंबर आणि पिना ४५०, प्रथमोपचार ३५०. खर्च १,९००. शिल्लक १४,१००. त्यातून स्पाइक्स आणि सरावाचे बूट मिळून ६,७०० रुपये. उरलेले ७,४०० एकदम हातात दिले नाहीत. प्रवासाला आणि साडेतीन महिन्यांनंतरच्या पुढच्या जोडाला राखून ठेवले. पावत्या रेक्टर मॅडमच्या कपाटात आहेत, कुणीही बघू शकतं.

हिशोब लिहिताना मला गाडगेबाबा आठवत होते. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतःजवळ ठेवलं एक गाडगं आणि खराटा. लोकांच्या दहा रुपयांतला टी-शर्टावर गेलेला रुपया हा त्या पोरीच्या बुटातून काढलेला रुपया आहे, हे मी ३७५ रुपयांत शिकले. तशी स्वस्तच पडली शिकवणी.

आता शेवटचं, कारण सगळ्या जणी मला तेच विचारतात. यंदा ती जिल्ह्यात पहिली आली. विभागाच्या स्पर्धेत चौथी. राज्याला निवड झाली नाही. परत आली त्या संध्याकाळी मेसमध्ये आम्ही सगळ्या गप्प होतो. तीच म्हणाली की मागच्या वर्षीपेक्षा अकरा सेकंद कमी लागले. मग मावशींनी तिला वाढलं, आणि तिच्या भाजीवर न सांगता लिंबू पिळलं.

जानेवारीत नवा जोड घ्यायचा आहे. पैसे आहेत, आणि वहीत तशी नोंदही आहे. पुढच्या ऑक्टोबरमध्ये मी शेवटच्या वर्षाला असेन. खजिनदार नवीन लागेल. अक्षर कसंही असलं तरी चालेल. बेरीज मात्र दौडीच्या आधी करता आली पाहिजे.

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी, मुलींचे वसतिगृह